परक्या रणांगणावरील स्वयंसेवक व त्यांचें घर

महाभारताच्या उद्योगपर्वांत रुक्मीची एक लहानशी कथा आहे. तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. विदर्भाचा हा राजपुत्र मोठें सैन्य घेऊन पांडवांच्या छावणींत येतो आणि भय वाटत असेल तर आपण साह्य करूं, असें अर्जुनाला ऐकवितो. अर्जुन त्याला हंसून वाटेला लावतो. तेथून तो दुर्योधनाकडे जातो. तोहि त्याला नको म्हणतो. एवढा सरंजाम घेऊन आलेला हा गृहस्थ अखेर आला तसा आपल्या नगरीस परत जातो. दुसऱ्याच्या युद्धांत आपण होऊन उतरूं पाहणाऱ्याला दोन्ही पक्षांनीं दारांतून परत पाठविल्याचें असें उदाहरण विरळाच. आमच्या काळांतील युद्धांना हा विवेक राहिलेला नाहीं. सीरिया व इराक या देशांत ज्या संघटनेनें २०१४ सालीं खिलाफतीची घोषणा केली, तिनें तर जगांतील यच्चयावत् असंतुष्ट तरुणांना आमंत्रण धाडलें. आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या हिशेबाप्रमाणें शंभरांहून अधिक देशांतील ४०,००० हून अधिक माणसें त्या युद्धांत जाऊन मिळालीं. रुक्मी घरीं परतला तेव्हां विदर्भांत कोणाची झोंप उडाली नसेल. हीं माणसें परततील तेव्हां काय करावयाचें, हा प्रश्न मात्र अनेक देशांच्या गृहमंत्र्यांना व न्यायाधीशांना छळीत आला आहे. आणि ज्यांचें नांव या चर्चेंत सर्वांत कमी वेळां निघतें त्या आयांना व बहिणींना तर तो सर्वांहून अधिक छळीत आला आहे.

श्रीमती कमिला शम्सी यांची ‘होम फायर’ ही इंग्रजी कादंबरी याच प्रश्नावर उभारलेली आहे. लेखिका मूळच्या कराचीच्या, पुढें ब्रिटनच्या नागरिक झालेल्या. कादंबरी २०१७ सालीं निघाली आणि पुढल्या वर्षीं तिला ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ हें मानाचें पारितोषिक मिळालें. इतक्या उशिरानें तिचा परामर्श घेण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, या कादंबरीची खरी परीक्षा ती प्रसिद्ध झाल्यानंतर घडलेल्या गोष्टींनीं केली, आणि त्या परीक्षेचा निकाल पाहिल्यावांचून तिचें मोल ठरवितां येत नाहीं. शिवाय हा विषय आपल्या उंबरठ्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. २०१४ च्या मे महिन्यांत कल्याणचे चार तरुण इराकांतील तीर्थस्थानांच्या यात्रेस म्हणून निघाले व बगदाद येथें यात्रेकरूंच्या जथ्यांतून नाहींसे झाले. त्यांपैकीं एक त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत परत आला. कल्याण हें मुंबईच्या चाकरमान्यांचें गांव. तेथून रोज सकाळीं डबा घेऊन हजारों माणसें लोकल गाडीनें कचेरीस जातात. अशा गांवाहून मोसूलचा रस्ता फुटूं शकतो, हें कळल्यावर ‘हा युरोपचा प्रश्न’ असें म्हणून पान उलटण्याची सोय उरत नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. लंडनच्या वेम्ब्ली भागांत पाशा नांवाचें एक पाकिस्तानी वंशाचें कुटुंब राहतें. बाप आदिल पाशा हा बायकामुलांना सोडून एकामागून एक परक्या युद्धांत लढत हिंडला आणि अमेरिकन लष्कराच्या कैदेंत बागरामहून ग्वांटानामोकडे नेला जात असतां मेला. पुढें आजी व आई यांच्यामागें थोरली मुलगी इस्मा हिनें आपलें शिक्षण बाजूला ठेवून अनीका व परवेझ या जुळ्या भावंडांना वाढविलें. तीं एकोणीस वर्षांचीं होतात, इस्मा उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस निघते, आणि त्याच सुमारास परवेझ हा फारूक नांवाच्या मनुष्याच्या नादीं लागून राक्का येथें जातो. तिकडे त्याचे डोळे उघडतात. घरीं परत यावें म्हणून तो इस्तंबूलपर्यंत पोंचतो, आणि ब्रिटिश वकिलातीच्या दाराशीं गोळी लागून मरतो. गृहमंत्री करामत लोन हे स्वतः पाकिस्तानी वंशाचे. असल्या लोकांचें नागरिकत्व काढून घेण्याचा त्यांनीं पणच केलेला. ते प्रेत ब्रिटनच्या भूमींत येऊं देत नाहींत. तें कराचीस जातें. अनीका तेथें जाऊन भावाचें शव बर्फावर ठेवून उघड्या बागेंत बसते. गृहमंत्र्यांचा मुलगा एमन हा तिच्या प्रेमांत पडलेला असतो. तोहि बापाची आज्ञा मोडून तिच्याकडे धांव घेतो. शेवट येथें सांगत नाहीं. कादंबरी वाचणाराचा तो हक्क आहे. (या मुलाचें नांव मुळांत अरबी; आईबापांनीं त्याला आयरिश वर्णलेखनाचा अंगरखा चढविला आहे. या एका खुबीनें लेखिकेनें लोन कुटुंबाविषयीं जें सांगितलें आहे तें दहा पानांच्या वर्णनानें साधलें नसतें.)

ग्रीक नाट्याशीं परिचय असलेल्या वाचकांनीं एव्हांना ओळखलेंच असेल कीं, हें सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’चें नवें रूप आहे. इस्मा म्हणजे इस्मीनी, अनीका म्हणजे अँटिगनी, एमन म्हणजे हीमन, आणि करामत म्हणजे क्रेऑन. आपल्या वाचकांस या कथेचा गाभा समजण्यास ग्रीसपर्यंत जावयास नको. रावणाचें शव रणांगणीं पडलें असतां त्याचा अंत्यविधि करण्यास बिभीषण कचरला, तेव्हां वैर मरणापाशीं संपतें असें समजावून श्रीरामानें त्याच्याकडून तो करविला, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची कबर आहे, हेंहि आपणांस ठाऊक आहे. तेव्हां प्रेताला माती नाकारणारा राजा आपल्या मनांत सहजच उणा ठरतो. लेखिकेनें या सहज सहानुभूतीचा पुरेपूर लाभ घेतला आहे. तो लाभ न्याय्य आहे काय, हें पुढें पाहूं.

प्रथम गुणाविषयीं. या ग्रंथांतील सर्वांत बलवान भाग म्हणजे परवेझचा. एक सरळ, हळवा, ध्वनिमुद्रणाचा नाद असलेला पोरगा एका मारेकरी संघटनेच्या गळाला कसा लागतो, याचें इतकें बारकाईचें चित्र आम्हीं इतरत्र क्वचितच पाहिलें आहे. फारूक त्याला धर्मग्रंथाची दीक्षा देऊन प्रारंभ करीत नाहीं. तो त्याला बाप देतो. ज्या बापाचें नांव घरांत कोणी काढीत नसे, ज्याच्यामुळें पोलिसांच्या वहींत सर्व कुटुंब चढलेलें, तो बाप भित्रा पळपुटा नसून वीर होता, असें हा परका मनुष्य सांगतो. आणि तो आपलेपणानें सांगतो. बापानें बागरामच्या तुरुंगांत काय सोसलें तें कळावें म्हणून एके दिवशीं या मुलाला साखळ्यांनीं जखडून त्याचे हाल केले जातात, आणि आश्चर्य हें कीं, तो दुसऱ्या दिवशीं आपण होऊन पुन्हां तेथें येतो. हा प्रसंग वाचून कोणाहि आईबापाच्या अंगावर कांटा उभा राहील. भरती करणारे लोक तत्त्वज्ञानाच्या पोकळींत शिरत नाहींत, घरांतल्या पोकळींत शिरतात, हें लेखिकेनें अचूक ओळखलें आहे. आमच्यांतील कांहीं सुशिक्षित मंडळी अशा वेळीं शिकवणुकीचा व गरिबीचा जो ठरीव पाढा वाचतात, त्यांनीं हीं पानें अवश्य पाहावीं. कल्याणच्या तरुणांपैकीं कांहीं स्थापत्य व तत्सम शास्त्रें शिकणारे होते, हें विसरतां कामा नये.

आरंभींचा विमानतळावरील प्रसंगहि असाच मार्मिक आहे. इस्माला अडवून तिचे कपडे चाळले जातात. राणीविषयीं, लोकशाहीविषयीं, फार काय, दूरचित्रवाणीवरील केक भाजण्याच्या चढाओढीविषयीं तिचें मत विचारलें जातें, आणि तेवढ्यांत तिचें विमान निघून जातें. सुरक्षिततेच्या नांवाखालीं चालणारा हा पोरखेळ संतापजनक खरा, पण लेखिकेचा सूर संतापाचा नाहीं. तिनें तो विनोदाच्या कडेनें नेला आहे, म्हणूनच तो लागतो.

आतां दोषाकडे वळूं. आमच्या मतें हा दोष बारीकसारीक नसून कादंबरीच्या पायांतला आहे. परवेझ राक्क्यास जातो तो लढवय्या म्हणून नव्हे. संघटनेच्या प्रचारखात्यांत आवाज मुद्रित करण्यासाठीं. तेथें कामांतला रक्ताचा भाग समोर येतांच त्याचें मन उडतें. लेखिकेनें त्याच्या हातीं बंदूक येऊं दिली नाहीं, त्याच्याकडून कोणाला मारविलें नाहीं, आणि गोळी लागून तो मेला तोहि घराकडे तोंड असतांना. अशा भावाला माती मिळावी कीं नाहीं, हा प्रश्न विचारण्याजोगा तरी राहतो काय? उत्तर अगोदरच ठरलेलें आहे. सोफोक्लीझनें असा सोपा मार्ग धरला नव्हता. त्याचा पॉलिनायसीझ आर्गॉसचें परकें सैन्य घेऊन स्वतःच्या थीब्झ नगरीवर चालून आला होता. ती जाळण्यास आला होता. सख्ख्या भावाला मारून मेला होता. त्याचा अपराध नाटककारानें एका अक्षरानेंहि धुऊन काढलेला नाहीं. तरीहि त्याला मूठभर माती मिळालीच पाहिजे, असें त्याची बहीण म्हणते. आणि म्हणूनच क्रेऑनच्या बाजूला वजन येतें व नाटक तराजूच्या दोन्ही पारड्यांत खालीं-वर होत राहतें. श्रीमती शम्सी यांनीं एका पारड्यांतलें वजन हळूच काढून ठेवलें आहे. ज्या पॅरिसच्या रस्त्यांवर १३ नोव्हेंबर २०१५ रोजीं १३० माणसें मारलीं गेलीं, तेथील मारेकऱ्यांपैकीं अनेकजण सीरियांतून आलेले होते, आणि त्यांच्याच टोळीच्या उरलेल्यांनीं पुढें २२ मार्च २०१६ रोजीं ब्रुसेल्समध्यें ३२ जणांचे प्राण घेतले. त्यांच्यांत परवेझ कोणी नव्हता. कादंबरींतील गृहमंत्र्याला ज्याची भीति वाटते तो मनुष्य कादंबरींत येतच नाहीं.

यावर असें उत्तर देतां येईल कीं, बहुतेक परत येणारे परवेझसारखेच असतात. यांत तथ्य आहे, पण तें मोजूनमापून सांगितलें पाहिजे. नॉर्वेचे अभ्यासक टॉमस हेगहॅमर यांनीं १९९० ते २०१० या काळांत पाश्चात्य देशांतून परक्या युद्धांत गेलेल्या धर्मवेड्या स्वयंसेवकांचा हिशेब २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, जास्तींत जास्त धरलें तरी नवांत एक मनुष्य पाश्चात्य देशांतील घातपाताकडे वळला. मात्र ज्या कटांत असा युद्ध पाहिलेला मनुष्य होता, ते कट इतरांहून अधिक प्राणघातक ठरले. या दोन वाक्यांपैकीं पहिलें उदारमतवादी लोक सांगतात, दुसरें गृहमंत्री सांगतात. उरलेले आठजण निरुपद्रवी झाले असेंहि कोणी समजूं नये. कित्येक तिकडेच मेले, आणि कित्येक दुसऱ्या रणांगणाकडे वळले. राज्यकर्त्याची अडचण ही कीं, विमानतळावर नऊजण उतरले तर त्यांतला नववा कोणता, हें कपाळावर लिहिलेलें नसतें. या अडचणीचें नाट्य किती मोठें आहे! आणि हें नाट्य रंगविण्याची संधि लेखिकेनें हातची घालविली.

परक्यांच्या युद्धांत गेलेल्या स्वयंसेवकाविषयीं राज्यांना नेहमींच धास्ती वाटत आली आहे, आणि ती नेहमींच खरी ठरलेली नाहीं. १९३६ ते १९३८ या काळांत स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूनें लढण्यास सुमारे पन्नास देशांतून ३५,००० च्या आसपास माणसें गेलीं. ब्रिटिश सरकारनें १८७० चा जुना कायदा बाहेर काढून १९३७ च्या जानेवारींत अशा भरतीवर बंदी जाहीर केली, आणि जाणाऱ्यांचीं नांवें गुप्त पोलिसांनीं टिपून ठेवलीं. जॉर्ज ऑर्वेल त्यांपैकींच. त्यांच्या ‘होमेज टू कॅटलोनिया’ या १९३८ च्या ग्रंथाशीं ‘होम फायर’ ताडून पाहणें उद्बोधक होईल. ऑर्वेल स्वतः बंदूक घेऊन खंदकांत बसले, कंठांत गोळी लागून वांचले, आणि शेवटीं शत्रूच्या नव्हे तर आपल्याच बाजूच्या कम्युनिस्टांच्या भीतीनें चोरून सरहद्द ओलांडून निघाले. त्या ग्रंथाचें मोठेपण असें कीं, त्यांत लेखक स्वतःला निष्पाप ठरविण्यासाठीं धडपडत नाहीं. आपण माणसें मारण्यास गेलों होतों, हें तो शांतपणें सांगतो. आणि मग अशा मनुष्याच्या तोंडून ज्या कार्यासाठीं तो गेला त्याच्या आंतील सडका भाग ऐकतांना आपला विश्वास बसतो. परवेझच्या तोंडून तो बसत नाहीं. कारण त्यानें मोल दिलें आहे, पण पाप केलेलें नाहीं.

तेथून परतलेल्या इंग्रज स्वयंसेवकांचें पुढें काय झालें, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. ब्रिटिश पलटणीचे एक वेळचे नायक टॉम विंट्रिंगहॅम यांनीं १९४० सालीं, जर्मन स्वारीचें भय डोक्यावर असतांना, लंडनजवळ ऑस्टर्ली पार्क येथें होमगार्डांना गनिमी युद्ध शिकविणारी शाळा काढली. ऑर्वेल स्वतः होमगार्डांत सार्जंट झाले. ज्यांचीं नांवें संशयितांच्या यादींत होतीं त्यांनींच देशाच्या रक्षणाचे धडे दिले. सरकारनें ती शाळा लवकरच आपल्या ताब्यांत घेतली, तो भाग निराळा!

आपल्याकडेहि असा एक स्वयंसेवक होऊन गेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनमध्यें गेले, नागपूरचे डॉ. चोळकरहि त्यांत होते, आणि पथकाचे प्रमुख डॉ. अटल तर स्पेनच्या युद्धांत काम करून आलेले. कोटणीस तेथेंच राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरांत वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारले. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं काढलेल्या चित्रपटामुळें त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें. ते परक्या युद्धांत गेले, एका जहाल पक्षाच्या सैन्यांत राहिले, आणि आज दोन देश त्यांच्यापुढें मस्तक नमवितात. हातीं शस्त्र नव्हतें म्हणून, असें कोणी म्हणेल. पण स्पेनमध्यें गेलेल्यांच्या हातीं शस्त्रें होतींच.

मग फरक कशांत आहे? धैर्यांत नाहीं, परकेपणांत नाहीं, केवळ मतांच्या जहालपणांतहि नाहीं. आम्हांस असें दिसतें कीं, तो दोन गोष्टींत आहे: कोणाला मारणें क्षम्य, असें ती संघटना शिकविते, आणि युद्ध संपल्यावर ती आपल्या माणसांना मोकळें सोडते कीं नाहीं. स्पेनच्या सरकारनें १९३८ च्या शरद् ऋतूंत परदेशी पलटणींचें विसर्जन केलें. बार्सिलोनाच्या रस्त्यांवर त्यांना निरोप दिला गेला. माणसें घरोघर गेलीं. आतां पेशावरकडे पाहा. अब्दुल्ला अज्जाम यांनीं १९८४ सालीं तेथें अफगाण युद्धासाठीं येणाऱ्या अरबांची सोय लावणारी एक कचेरी काढली. बिन लादेनचा पैसा तिच्यामागें होता. प्रथम काम साधेंच: उतरण्याची जागा, ओळखीची चिठ्ठी, सरहद्दीपलीकडे पोंचविणें. रशियन सैन्य परत जाण्याच्या बेतांत असतां, १९८८ सालीं, तेथेंच अल्-कायदा जन्मास आली. युद्ध संपलें, पण भरतीची वही मिटली नाहीं. अल्जीरियांत परतलेल्यांना लोक ‘अफगाण’च म्हणूं लागले, आणि त्या देशानें १९९० नंतरच्या दशकांत काय भोगलें तें प्रसिद्धच आहे. हँबुर्गच्या ज्या विद्यार्थ्यांनीं पुढें २००१ सालीं न्यू यॉर्कवर विमानें घातलीं, ते मुळांत चेचन्यांत लढावयास निघाले होते. वाट चुकवून त्यांना अफगाणिस्तानांत नेण्यांत आलें आणि तेथें त्यांच्या माथीं दुसरेंच काम मारण्यांत आलें. स्वयंसेवक एका युद्धासाठीं घर सोडतो आणि संघटना त्याला आपल्या पसंतीच्या युद्धावर पाठविते. हा धोका एकाच धर्माच्या वेडापुरता आहे असेंहि नाहीं. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें २०१६-१७ च्या हिंवाळ्यांत निर्वासितांच्या वस्तीजवळ व इतरत्र बाँब ठेवणाऱ्या गोऱ्या वंशाभिमानी टोळक्यांतील दोघांनीं रशियांत जाऊन लष्करी शिक्षण घेतलें होतें.

फारूकचा परवेझवरील ताबा लेखिकेनें इतक्या कौशल्यानें दाखविला, पण त्या ताब्याचें पुढलें टोंक, म्हणजे ‘आतां परत जा आणि तेथें हें कर’ अशी आज्ञा, तिनें कोठेंच येऊं दिली नाहीं. ती आली असती, आणि परवेझ ती घेऊन निघाला आहे कीं ती टाळून पळाला आहे हें क्षणभर अनीकालाहि कळलें नसतें, तर या कथेची उंची किती वाढली असती!

करामत लोन याच्या चित्रणाबद्दल मात्र लेखिकेच्या दूरदृष्टीची तारीफ करावी तितकी थोडी. कादंबरीनंतर वर्षभरांतच, २०१८ च्या एप्रिलांत, पाकिस्तानी वंशाचे साजिद जाविद ब्रिटनचे गृहमंत्री झाले. २०१५ सालीं पंधराव्या वर्षीं शाळेंतून पळून सीरियांत गेलेल्या लंडनच्या एका मुलीचें नागरिकत्व त्यांनीं २०१९ च्या फेब्रुवारींत काढून घेतलें. तिचे आईबाप मूळचे बंगाली, म्हणून ती बांगलादेशाची नागरिक ठरते, असें कायद्याचें शास्त्र लढविण्यांत आलें. बांगलादेशानें तिचा आपल्याशीं कांहीं संबंध नसल्याचें सांगितलें. २०२४ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि सरकारचाच निर्णय कायम केला. न्यायालयाच्या निर्णयाची चिकित्सा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीनें पाहिलें तरी या उपायाला काय म्हणावें? आपल्या अंगणांतला विंचू शेजाऱ्याच्या अंगणांत झटकून टाकला म्हणजे विंचू मरत नाहीं. परवेझचें प्रेत ज्याप्रमाणें कराचीस धाडलें गेलें, त्याप्रमाणेंच जिवंत माणसें ज्यांनीं त्यांना कधीं पाहिलें नाहीं अशा देशांच्या गळ्यांत घालण्याचा हा प्रकार. करामतच्या मुखीं लेखिकेनें युक्तिवाद चांगला घातला आहे; पण त्याच्यामागें पंतप्रधानपदाची हांव इतकी उघडी ठेवली आहे कीं, वाचक युक्तिवाद ऐकण्याऐवजीं हांवच पाहतो. प्रामाणिकपणें भ्यालेला गृहमंत्री रंगविणें अधिक कठीण होतें. सोफोक्लीझला तें साधलें होतें.

उलट दिशेचा उपाय, म्हणजे जाणाऱ्याला दारांतच अडविणें, हाहि वाटतो तितका निर्धास्त नाहीं. २०१४ च्या ऑक्टोबरांत कॅनडांत ज्यानें एका सैनिकाला मोटारीखालीं चिरडून मारलें, त्याचा पासपोर्ट सरकारनें अगोदरच काढून घेतला होता. २०१५ च्या जानेवारींत पॅरिसमधील ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाच्या कचेरींत बारा माणसें मारणाऱ्या दोघां भावांपैकीं एकाला दहा वर्षांपूर्वीं इराककडे निघण्याच्या वेळींच अटक झाली होती, आणि तुरुंगांत त्याला अधिक पोंचलेले गुरु भेटले. तेव्हां अडविल्यानंतर त्या मनुष्याचें करावयाचें काय, याचें उत्तर ज्या राज्याजवळ नाहीं त्यानें अडवून अर्धेंच काम केलें असें होतें. डेन्मार्कमधील आऱ्हुस शहरांत पोलिसांनीं व नगरपालिकेनें मिळून परतलेल्यांना शिक्षण, धंदा व विश्वासू सल्लागार देण्याचा जो प्रयोग केला त्याची पुष्कळ थट्टा झाली. त्या शहरांतून सुमारे ३० तरुण गेले होते. ज्यानें गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी, यांत त्या प्रयोगाचा विरोध नव्हता, हें थट्टा करणारे सांगत नाहींत.

आणि शिक्षेचें म्हणाल तर तीहि सोपी नाहीं. राक्क्याच्या गल्लींत कोणीं काय केलें याचा साक्षीदार कोर्टांत आणावा कोठून? कल्याणच्या परत आलेल्या तरुणावर आपल्याकडे रीतसर खटला झाला. २०२० सालीं त्याला जामीन मिळाला, आणि खटला लांबल्याच्या कारणावरून मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं तो कायम ठेवला. त्याच्या दोषादोषाविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु आपल्या राज्यानें त्याला परत घेतला, तपास केला आणि न्यायाधीशापुढें उभा केला, ही गोष्ट लंडनच्या कायदेपंडितांनीं पाहण्यासारखी आहे, एवढें म्हणावेंसें वाटतें.

या खटल्याच्या आरंभीं घडलेली एक गोष्ट आम्हांस कादंबरीच्या आरंभाकडे परत नेते. मुलें नाहींशीं झालीं तेव्हां घरच्यांनींच पोलिसांना कळविलें होतें. ‘होम फायर’मध्यें हेंच इस्मा करते. भाऊ राक्क्यास गेल्याचें कळतांच ती पोलिसांकडे जाते. अनीकाच्या लेखीं हा विश्वासघात; त्यानंतर दोघी बहिणींचें बोलणें तुटतें. अनीकाचें दुःख डोळ्यांत भरणारें, तिचें बंड भव्य. बर्फावर ठेवलेल्या शवाशेजारीं बसलेली ती मुलगी वाचकाच्या मनांतून जात नाहीं. परंतु आमची दृष्टि पुन्हां पुन्हां इस्माकडे वळते. विमानतळावर अपमान सोसूनहि जी अखेर त्याच राज्याच्या दाराशीं जाऊन ‘माझा भाऊ गेला’ असें सांगते, तिच्याइतकें राज्याच्या उपयोगाचें माणूस दुसरें कोण? पोलिसांच्या यंत्रांना जें कळत नाहीं तें घरांतल्या माणसाला कळतें: मुलाचें जेवण कमी झालें, नवा मित्र आला, जुनीं गाणीं बंद झालीं. हें माणूस तोंड उघडतें तें एकाच आशेवर कीं, उघडल्यानें मुलगा वांचेल. करामत लोन यांच्या कायद्यानें ही आशा काढून घेतली. सांगणाऱ्या बहिणीला भाऊहि मिळाला नाहीं, त्याचें प्रेतहि मिळालें नाहीं. वेम्ब्लींतील पुढली इस्मा पोलिसांकडे जाईल काय?

हा प्रश्न कादंबरीच्या पहिल्याच भागांत दडलेला आहे, आणि लेखिकेला तो दिसलाहि आहे, कारण इस्माची घालमेल तिनें फार जिवाळ्यानें लिहिली आहे. मग तिला टाकून ती पुढें गेली कां? पांच भागांपैकीं पहिला इस्माचा. त्यानंतर एमन, परवेझ, अनीका, करामत असे एकेकाच्या दृष्टीनें कथा सांगत जाणारी लेखिका इस्माच्या दृष्टीकडे पुन्हां येत नाहीं. शेवटचा भाग तिनें गृहमंत्र्याला दिला आणि शेवटचा प्रसंग दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढें ठेवला. तो थरारक आहे, यांत शंका नाहीं; पण हा थरार दुसऱ्या कोणाहि लेखकाला साधला असता. भाऊ, बहीण आणि स्वतः सांगितलेलें सत्य हें सर्व ओझें डोक्यावर घेऊन मागें राहिलेली थोरली बहीण मात्र श्रीमती शम्सी यांनाच लिहितां आली असती, आणि ती अर्धीच लिहिली गेली आहे.